दादाने न बदललेलं पान

माझ्या भावाशी भांडायचं असेल तर हातात कागद घेऊन बसावं लागतं. नुसत्या तोंडाने भांडलेलं त्याला चालत नाही. आपण तावातावाने काही बोलावं, तर हा चष्मा कपाळावर सरकवणार आणि विचारणार, "कशावरून?" तेही इतक्या थंडपणे, की समोरच्याचं डोकं फिरलंच पाहिजे. माझं तर लहानपणापासून फिरत आलंय.

बत्तीस वर्षं तो शिरगणतीच्या कचेरीत तक्त्यांच्या विभागात होता. गावोगावहून माणसं मोजून कागद यायचे, त्यांची बेरीज करायची, पडताळायची, आणि मग ते ठिकाण कुठल्या तक्त्यात बसतं ते ठरवायचं. खेडं, मोठं गाव, लहान नगर, मध्यम नगर, शहर, महानगर. आमच्याकडे सगळे त्याला 'तक्तेवाले' म्हणतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "जमलं नाही." कशावरून, असं मी विचारलं की मात्र गप्प बसायचा. निवृत्त झाल्यावर तो माझ्या शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आला. माझं जुनं कापड बेतायचं टेबल त्याने वर नेलं, त्यावर एक संगणक मांडला, आणि नव्याने नोकरीला लागल्यासारखा रोज सकाळी आंघोळ करून, बाह्या नीट दुमडून त्याच्यापुढे बसायला लागला.

काय करतोस रे बाबा एवढं, असं विचारलं तेव्हा त्याने मला ऑनलाइन ज्ञानकोश दाखवला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, मात्र जे लिहाल त्याला पुरावा हवा. कुणी कधी काय बदललं ते 'इतिहास' म्हणून मागे जपलेलं असतं, ते कुणाला पुसता येत नाही. दादाने तिथे गावांची आणि शहरांची पानं हातात घेतली होती. सातशेच्या वर पानं! बिनपगारी.

त्यात त्याचं मुख्य काम म्हणजे लोकांचा गावाभिमान आवरणं. ज्याला त्याला आपलं गाव शहर करायचं असतं. खाली कुणीच उतरवत नाही, सगळे वर चढवतात. नऊ हजार वस्तीच्या एका गावाने तर स्वतःला महानगर करून टाकलं होतं. दादा शांतपणे ते परत जागेवर आणायचा आणि खाली तक्त्याचा क्रमांक लिहायचा. लोक चिडायचे. "तुमच्या खिशातून काय जातंय?" असं एकाने लिहिलं होतं. 'टाचणी' नावाने लिहिणारा एक जण तर याच्या प्रत्येक ओळीत चूक काढायचा. ते दोघं कधी भेटलेले नाहीत, पण त्यांचं भांडण नऊ वर्षं चालू होतं. मी म्हणायची, दादा, तुझी सोयरीक या टाचणीशीच व्हायला हवी होती.

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण सगळं त्यावरच आलं.

तिला नर्स व्हायचं होतं. हे काही पुस्तकात वाचून आलेलं नव्हतं. तिचे बाबा ट्रक चालवतात. घाटात अपघात झाला आणि ते दीड-दोन वर्षं अंथरुणावर होते. लेकीने शिक्षण बाजूला ठेवलं. पट्ट्या बदलणं, कूस वळवणं, औषधांच्या वेळा, सगळं तिने केलं. आमच्या दवाखान्यात एकच नर्सबाई, पंधरा-सतरा हजार माणसांना एकटी पुरणारी. ती एक दिवस म्हणाली, "हिचा हात हलका आहे. हिला शिकवा, म्हणजे मला रजा तरी मिळेल." तेव्हापासून लेकीने ध्यास घेतला. बाबा पुन्हा ट्रकवर जायला लागले आणि हिने पुस्तकं उघडली.

बसने दोन तासांवर एक मोठं नर्सिंग कॉलेज आहे. तिथे बारा जागा लहान ठिकाणच्या मुलींसाठी राखून ठेवतात. हेतू चांगला आहे. लहान गावची मुलगी शिकली तर परत आपल्या गावी जाऊन काम करेल, शहरातली जाणार नाही. अट एवढीच, की शिरगणतीच्या तक्त्यात तुमच्या ठिकाणची वस्ती वीस हजारांच्या आत हवी. आमची सतरा हजार सहाशे बारा. लेकीला गुणही चांगले होते. मी आपली निर्धास्त होते. तिच्यासाठी दोन पांढरे गणवेश बेतूनसुद्धा ठेवले होते.

आणि एक दिवस कॉलेजचं पत्र आलं. 'आपले ठिकाण शहर या वर्गात मोडत असल्याने अर्ज नामंजूर.' दहा दिवसांत दाद मागता येईल, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येत होती, कारण दोन वर्षं बाबांच्या उशाशी गेलेली. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. लेकीने पत्र घडी करून मशीनच्या खणात ठेवलं आणि माझ्या हातातली काजं घेऊन करत बसली. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कॉलेजात. खिडकीमागची कारकून बाई काही वाईट नव्हती, दमलेली होती. पुढ्यात अर्जांची ही थप्पी! दादाने आपल्या पिशवीतून छापील तक्त्यांचं पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं. बाई म्हणाली, "काका, हे छापून किती वर्षं झाली? आम्ही ताजं बघतो." आणि तिने पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर ज्ञानकोश होता. आमच्या गावाचं पान. पहिलीच ओळ: 'हे नदीकाठचे एक शहर आहे.'

"शिरगणतीच्या कचेरीचं ताजं पत्र आणा," बाई म्हणाली, "नाहीतर हे पान चुकीचं असेल तर ते दुरुस्त होऊ दे. मग समितीपुढे ठेवते. मी एवढंच करू शकते, ताई."

दादा तिथून थेट आपल्या जुन्या कचेरीत गेला. ज्यांना त्याने बेरजा शिकवल्या ती माणसं आता साहेब झालेली. त्यांनी त्याला खुर्ची दिली, मान दिला, आणि सांगितलं, "सर, आता पत्र वरून येतं. तीन आठवडे धरा." आमच्याकडे होते नऊ दिवस.

पण माझा जीव तोवर भांड्यात पडला होता. बसमध्ये मी लेकीला म्हटलं, "अगं, रडायचं काय त्यात! आपल्या घरातच बसलाय ना ज्ञानकोशवाला. घरी गेला की पान सुधारेल. पाच मिनिटांचं काम." लेक हसली. दादा खिडकीबाहेर बघत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी आल्यावर मी त्याच्यामागे जिना चढले आणि म्हटलं, "बस, आणि कर."

"मी नाही करणार," दादा म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय.

"माझ्या भाचीचा प्रवेश त्यावर अवलंबून आहे," तो म्हणाला. "ज्यात आपला संबंध आहे ते पान आपण बदलायचं नाही. तिथली रीत आहे ती."

"पण ते चूक आहे की नाही?"

"आहे."

"तुझ्याकडे पुरावा आहे की नाही?"

"आहे."

"मग मेलं अडतंय कुठे!"

"आज मी माझ्या भाचीसाठी खरं लिहिलं, तर उद्या दुसरा मामा त्याच्या भाचीसाठी खोटं लिहील. बघणाऱ्याला दोघं सारखेच दिसतात."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सातशे परक्या गावांसाठी डोळे फोडतोस आणि स्वतःच्या घरातल्या पोरीसाठी तुझं बोट उचलत नाही? ती तुझ्या खांद्यावर वाढली, विसरलास? त्या टाचणीची भीती वाटते का तुला? मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. खाली दुकानात आलेलं गिऱ्हाईक ऐकून परत गेलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. दादा ऐकत होता. कशावरून, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

शेवटी मी म्हटलं, "बरं, तू नको करूस. पण कुठल्या दीडशहाण्याने तिथे 'शहर' लिहिलंय ते तरी दाखव. त्याला मी सोडायची नाही. दाखव तो इतिहास."

"राहू दे ना, चिमणे," दादा म्हणाला. लहानपणचं नाव त्याने कितीतरी वर्षांनी काढलं होतं. पण मी काय ऐकते! त्याच्या हातातून माउस घेतला आणि स्वतःच उघडलं.

सहा वर्षांपूर्वीची तारीख. आमच्याकडे नगरपालिका झाली तो दिवस. 'गाव' काढून 'शहर' केलेलं. करणाऱ्याचं नाव: सुईदोरा.

सुईदोरा म्हणजे मी.

आठवलं मला. दादाने तेव्हा मागे लागून मला लिहायला शिकवलं होतं. तिथे शिवणकामाबद्दल धड कुणी लिहीत नाही, तू लिही, म्हणाला होता. मी नाव घेतलं, काजांवर चार ओळी लिहिल्या. आणि नगरपालिकेची पाटी लागली त्या दिवशी, ऊर भरून आला म्हणून, आपल्या गावाच्या पानावर जाऊन गावाचं शहर करून टाकलं. कुणाला न विचारता. वर दादाला हौसेने दाखवलंही होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. "तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"सहा वर्षं? सगळ्या जगाचं खोडतोस, मग हे का नाही खोडलंस?"

दादा चष्मा पुसायला लागला. "तू पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं होतंस," तो म्हणाला. "खोडलं असतं तर तू परत तिथे आली नसतीस. म्हटलं, असू दे. कुणाचं काय बिघडतंय." मग म्हणाला, "सातशे पानांत ते एकच मी सोडलं. तेच आपल्या पोरीला नडलं."

लेकीची वाट मीच माझ्या हाताने अडवली होती, आणि दादाने माझ्या मायेपोटी ती तशीच राहू दिली होती. जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती.

मी डोळे पुसून म्हटलं, "मग माझी चूक मीच पुसते. सरक."

"नको. तू तर आई आहेस. चूक झाली एवढं लिही. पुसू दे दुसऱ्या कुणाला."

प्रत्येक पानाला एक चर्चापान असतं. तिथे दादाने लिहिलं: या पानावर चूक आहे, ती मी दुरुस्त करणार नाही, माझ्या भाचीचा प्रवेश तिच्यावर अवलंबून आहे. खाली तक्ता, वर्ष आणि पानाचा क्रमांक देत आहे, ज्याचा यात संबंध नाही अशा कुणीतरी तपासावं. त्याखाली मी लिहिलं. चारच वाक्यं, पण लिहिताना घाम फुटला. सहा वर्षांपूर्वी इथे शहर असं मी लिहिलं. पुरावा नव्हता. नगरपालिका आली म्हणून आनंद झाला होता. मी त्या मुलीची आई आहे.

खाली येऊन लेकीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती रागावेल. ती म्हणाली, "आई, तू त्या दिवशी किती खूश होतीस. मला चांगलं आठवतंय." आणि एवढं बोलून ती मशीनवर बसली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवस कुणी फिरकलं नाही. मी दर तासाला जिना चढून जायची आणि विचारायची, "आलं का?" तिसऱ्या दिवशी आलं, आणि आलं ते कुणाचं? टाचणीचं! मी कपाळाला हात लावला. संपलं, म्हटलं. आता हा नऊ वर्षांचा सूड उगवणार.

त्याने लिहिलं होतं: 'आईने चूक कबूल केली, मामाने हात बांधून घेतले, ठीक. तक्ता तपासतो. पण मूळ दुखणं वेगळंच आहे. नगरांच्या आणि शहरांच्या वर्गीकरणाचं जे मुख्य पान आहे, ते वाचून मला स्वतःला कळत नाही की कुणाचा तक्ता कुठल्या कामाला लागतो. मग कॉलेजच्या कारकुनाला काय कळणार? आधी ते समजेल असं करा. नाहीतर आज हे पान सुधारेल आणि उद्या दुसरं कुणीतरी अडकेल.'

ते मुख्य पान दादाने लिहिलं होतं. ज्ञानकोशातलं त्याचं सगळ्यात लाडकं काम. त्याचा चेहरा असा पडला, की मला नाही म्हटलं तरी थोडी गंमत वाटली.

"वाच बघू," मी म्हटलं.

तो वाचायला लागला. "लोकसंख्या, घनता व प्रशासकीय स्वरूप या निकषांच्या आधारे वसाहतींची श्रेणीनिहाय विभागणी करण्यात येते..."

"थांब. कोण करतं?"

"निरनिराळी खाती."

"मग तसं लिही की. आणि कशासाठी करतात?"

"ते पुढे आहे. चौथ्या परिच्छेदात."

"चौथ्यापर्यंत कोण जिवंत राहणार, दादा!"

तो रागावला. चक्क रागावला, आवाज चढवून. म्हणाला की हे शास्त्र आहे, गप्पा नाहीत. मी म्हटलं, तुझं शास्त्र कळलं असतं तर ती कारकून बाई चुकली नसती आणि मीही चुकले नसते. मी तुझी सख्खी बहीण, रात्रंदिवस तुझे तक्ते ऐकते, आणि मला अजून वाटत होतं की नगरपालिका आली म्हणजे शहर झालं. त्या दिवसापासून तो लिहायचा आणि मी कळत नाही म्हणायची, असं सुरू झालं. ज्ञानकोशात 'धूळपाटी' म्हणून कच्चं लिहायची जागा असते. तिथे त्याने पाच वेळा लिहिलं, पाच वेळा खोडलं. शेवटी दोघांनीही हात टेकले. तो वैतागून खाली दुकानात येऊन बसला.

तेवढ्यात शेजारची बेकरीवाली आली. तिला कोट शिवायचा होता आणि घाई होती. दारातूनच म्हणाली, "माझं जुनं माप असेल ना गं तुझ्याकडे? तेच घे."

"जुनं माप झग्याचं आहे," मी म्हटलं. "त्यावर कोट बेतला तर हात वर करता यायचा नाही. ये आत, खांदा मोजू दे."

"माप ते माप, त्यात काय!"

"अगं, माणूस एकच, पण माप कशासाठी घ्यायचंय त्यावर आहे ना. झग्याला कंबर लागते, कोटाला खांदा."

दादा उठला आणि जिना चढून वर गेला. बेकरीवालीने मला डोळ्यांनीच विचारलं, काय झालं यांना? मी टेप तिच्या खांद्यावर धरला आणि म्हटलं, लिहायला गेला.

संध्याकाळच्या आत त्याने मला वर बोलावलं. लेकही आली. त्याने वाचून दाखवलं: 'एखादं ठिकाण गाव आहे की शहर, याला एकच उत्तर नसतं. आधी विचारावं, कोण विचारतंय आणि कशासाठी. शिरगणतीची कचेरी तिथली माणसं मोजते. कारभार खातं तिथे नगरपालिका आहे का ते पाहतं. आरोग्य खातं मोठं रुग्णालय किती लांब आहे ते पाहतं. म्हणून एकच ठिकाण एका तक्त्यात लहान नगर, दुसऱ्यात शहर आणि तिसऱ्यात दुर्गम असू शकतं, आणि तिन्ही तक्ते बरोबर असतात. ज्या नियमात ज्या कचेरीचं नाव आहे, तिचाच तक्ता पाहावा. एका कामाचा तक्ता दुसऱ्या कामाला लावू नये.'

"कळलं?" त्याने विचारलं.

"कळलं," मी म्हटलं. खरंच कळलं होतं.

लेक म्हणाली, "मामा, हे आधी का नाही लिहिलंस?" त्यावर आम्ही तिघंही हसलो, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

तेही त्याने मुख्य पानावर नेलं नाही. धूळपाटीवरच ठेवलं आणि टाचणीला कळवलं. दादाने त्यात उदाहरण म्हणून आमचं गाव दिलं होतं, ते टाचणीने काढून टाकलं, लिहिणाऱ्याचं स्वतःचं गाव नको म्हणून, आणि तिथे दुसरं कुठलं तरी घातलं. दोन तारखा तपासल्या. आठव्या दिवशी दुपारी त्याने ते मुख्य पानावर नेलं, आणि मग आमच्या गावाच्या पानावर जाऊन पहिली ओळ बदलली: शिरगणतीनुसार लहान नगर, कारभारानुसार नगरपालिकेचं शहर, पुढे दोन्ही तक्त्यांचे क्रमांक. चर्चापानावर त्याने दादासाठी दोनच शब्द लिहिले. 'आता कळलं.' दादाने ते तीनदा वाचलं. मी मोजलं.

नवव्या दिवशी लेक दोन्ही पानं छापून घेऊन एकटीच कॉलेजात गेली. मी येते म्हटलं तर म्हणाली, "नको, तू भांडशील." कारकून बाईने पानं ठेवून घेतली. समितीपुढे ठेवते म्हणाली. मग सुरू झालं वाट बघणं. त्या दिवसांत मी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक हसलं म्हणून बरं.

अकरा दिवसांनी पत्र आलं. लेकीने पाकीट माझ्याकडे दिलं, मी दादाकडे दिलं. त्याने सुरीने नीट कापून उघडलं, त्याही वेळी! वाचलं, आणि तिच्यापुढे धरलं. अर्ज मंजूर. मी तिला मिठी मारली ती सोडेचना. दादा म्हणत होता, "शिक्का बघा, शिक्का आहे ना?" वेडा माणूस.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. वसतिगृहात सोडायला आम्ही तिघं गेलो. व्हरांड्यात नावं लिहायची रांग होती. दादा लेकीच्या ट्रंकेवर बसला होता, मी रांगेत. माझ्यापुढे एक बाई, सोबत तिची मुलगी. रांगेत गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी विचारलं, कुठून आलात? तिने एका गावाचं नाव सांगितलं. मी कधी ऐकलं नव्हतं.

"आमचं तर नशीबच," ती म्हणाली. "आधी नाही म्हणाले होते. तुमचं गाव शहरात धरलंय म्हणाले. आम्ही काय करणार? गप्प बसलो. दाद मागायची असते हेही ठाऊक नव्हतं. हिने कारखान्यात नावसुद्धा नोंदवलं होतं. आणि एक दिवस कॉलेजचाच फोन! म्हणाल्या, आम्ही भलताच तक्ता बघत होतो, सगळे अर्ज पुन्हा काढलेत, मुलीला पाठवा. अशा चार जणी आहेत म्हणे. कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे."

त्या दिवशी मी जिना चढून जे मागत होते ते दादाने दिलं असतं, तर पाच मिनिटांत माझ्या एकटीच्या लेकीचं काम झालं असतं. आणि ही मुलगी आज कारखान्यात असती.

मी त्याला हाक मारली. "दादा, इकडे ये. या ताई काय सांगतात ते ऐक." बाईने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दादा मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्याने गावाचं नाव पुन्हा विचारलं, आणि म्हणाला, "अकरा हजार दोनशे चाळीस."

"काय?"

"तुमच्या गावची वस्ती. मी लावली होती ती बेरीज. दोनदा चुकली होती." मग त्या मुलीकडे बघून म्हणाला, "तिथलं कुणी कधी भेटलं नव्हतं."

बाईला वाटलं, हे कुणीतरी मोठे अधिकारी असावेत. ती पदर सारखा करून हसत म्हणाली, "मग आता एकाने कमी करा साहेब. ही इकडे आली ना."

"छे छे," दादा म्हणाला. "शिकून परत जाणार आहे ना ती? मग कमी नाही करायचं. तिला तिथेच धरायचं." आणि त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. मी तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरत नव्हतं, आणि रांगेत पुढचा नंबर माझा होता.